मागून येणारीची भाकरी

फादर, मंडळी, सुभेदार आबा, आणि तिकडं लिंबाखाली बसलेल्या भागाई, तुम्हीसुद्धा.

मला कुणी बोलायला सांगितलेलं नाही. विधवेनं कोपऱ्यात बसायचं, पदर तोंडाशी धरायचा आणि लोक जे चांगलं बोलतील ते ऐकून घ्यायचं, अशी आपली रीत. मीही तशीच बसणार होते. पण फादर आत्ता जे बोलले ते ऐकल्यावर मला बसवेना. दोन शब्द बोलते आणि बसते. दोनाचे दहा झाले तर सांभाळून घ्या. माझं तोंड कसं आहे ते लोणंदला ठाऊक आहे.

फादर म्हणाले, प्रभू येशूनं शिष्यांना दोघं दोघं करून गावोगाव पाठवलं, आणि तसेच आपले आंतोन मास्तर आणि मार्थाबाई, नवराबायको दोघं मिळून आठ वर्षं पार आटपाडीपर्यंत फिरले. धन्य ते जोडपं, असंही म्हणाले. तुम्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांना खरं काय ते ठाऊक आहे. कुणी माती उकरत बसलं, सुभेदार आबांनी उगीच खोकून घेतलं. तुमची माया मला कळते. पण कुणाच्या मयतावर खोटी शाबासकी घ्यायची नसते, आणि नवऱ्याच्या तर नाहीच नाही.

फादर, मी गेले नाही. एक दिवससुद्धा गेले नाही. आठ वर्षं मी इथं या खोलीत होते, आणि मास्तर एकटे चालत होते. तुम्ही दोन महिन्यांनी एकदा पुण्याहून गाडीनं येता. त्या दिवशी आम्ही दोघंही घरी असायचो, म्हणून तुम्हाला कळलं नाही.

आणखी एक सांगते. आज सकाळी देवळात मिस्सा झाली, सगळी आपली माणसं कम्युनियन, म्हणजे प्रभूच्या नावाची पवित्र भाकर, घ्यायला पुढं गेली, आणि मी जागेवर बसून राहिले. नवऱ्यासाठी मिस्सा, आणि बायको कम्युनियन घेत नाही. दोघीतिघींनी एकमेकींच्या कानाला लागून घेतलं, ते मी बघितलं. तेही सांगते. सगळं सांगते, पण ओळीनं सांगू द्या.

आम्ही मूळचे नगरकडचे. कुठल्या वस्तीतले, हे इथं सगळ्यांना माहीत आहे, मी लपवत नाही. मला सिस्टरांनी सातवीपर्यंत शिकवलं. चौदा वर्षांपूर्वी मिशननं मास्तरांना धर्म शिकवायच्या कामावर इथं धाडलं. हे पत्र्याचं देऊळ, मागची ही खोली, एक घंटा आणि सात घरं. सात घरांतली पाच रेल्वेची. एकेकाची बदली झाली मिरजेला, कुणाची हुबळीला. आता तुम्ही बघताच किती उरलो ते.

तेव्हा मास्तरांच्या जोडीला संतान नावाचा दुसरा मास्तर होता. दोघं फलटण, म्हसवड करत आटपाडीपर्यंत जायचे. पाच दिवसांची वाट, तिकडं आठ-दहा दिवस मुक्काम, पाच दिवस परत. मग संतान पलटणीत भरती झाला. तेव्हाचे फादर वेगळे होते. ते म्हणाले, आंतोन, आता फिरणं बंद, एकट्यानं जायचं नाही. आजारी पडलास तर कोण बघणार, मेलास तर कोण सांगायला येणार? तर हे म्हणाले, बायकोला नेतो. फादर म्हणाले, मग हरकत नाही.

घरी येऊन मला विचारलं, "मार्था, चलतेस का?"

माझ्या मांडीवर दीड वर्षाची रोझा होती. मी म्हटलं, डोकं ठिकाणावर आहे का? हसले. म्हणाले, बरं, या खेपेला नको. आणि एकटेच गेले.

त्या खेपेला रोझाला घटसर्प झाला. तीन दिवसांत गेली. घशातून आवाज येईना, नुसती बघायची माझ्याकडं. सुभेदार आबा, तुम्ही होता, तुम्हीच खड्डा खणायला माणसं आणली. मास्तर नऊ दिवसांनी आले.

आमच्या शुभवर्तमानात एक मार्था आहे. आबा, तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगते. तिचा भाऊ आजारी पडला. तिनं येशूला निरोप धाडला, आणि येशू आला तो भावाला पुरल्यावर चार दिवसांनी. ही मार्था घरात थांबली नाही. गावाबाहेर वाटेवर जाऊन तिनं त्याला गाठलं आणि तोंडावर सांगितलं की तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. मला लहानपणी सिस्टर म्हणायच्या, नाव मार्था आहे, जीभही तिचीच घेतलीस. तर मीसुद्धा रेल्वेच्या फाटकापर्यंत चालत गेले. हे पलीकडून येत होते, खांद्यावर पिशवी, पायाला फोड. मी तिथंच सांगितलं. दुसऱ्यांच्या लेकरांच्या डोक्यावर हात ठेवत फिरलात आणि आपलं लेकरू गेलं. अगदी याच शब्दांत सांगितलं. हे रुळाच्या कडेला खडीवर बसले आणि रडले.

प्रभूही त्या घरी रडला, असं लिहिलं आहे. पण त्या घरचा मेलेला माणूस उठून बाहेर आला. आमच्या घरी कुणी उठलं नाही.

त्यानंतर प्रत्येक खेपेला निघताना मास्तर उंबऱ्यापाशी थांबायचे आणि तेच विचारायचे, "मार्था, चलतेस का?" आणि मी प्रत्येक खेपेला काहीतरी टाकून बोलायची. प्रभूचा पहिला शिष्य पेत्र, मासे धरणारा कोळी, त्यानं बायकोला नेलं होतं का? तिचं नाव तरी कुणी लिहून ठेवलंय का? पेत्राला सासू होती, ती तापानं आजारी होती, हे लिहिलंय. सासू होती म्हणजे बायको होतीच की. नवरा जाळी टाकून प्रभूच्या मागं गेला आणि ती काय करत बसली, कुणी विचारलं? मी विचारायची. मास्तर म्हणायचे, खरं आहे तुझं, लिहायला पाहिजे होतं. भांडायचेसुद्धा नाहीत, हाच तर राग.

एकदा मिशनला धाडायचा कागद माझ्या हाती लागला. त्यात लिहिलेलं, आम्ही दोघे म्हसवडास गेलो, आम्ही दोघे आटपाडीस राहिलो. मी म्हटलं, देवाच्या कामात खोटं लिहिता, लाज वाटत नाही? तर म्हणाले, "खोटं नाही. तू अजून निघाली नाहीस, एवढंच."

आणि मी इथं. आठ वर्षं. लोक म्हणतात, मास्तर एकटे पडले असतील. पडले असतील ना. पण त्यांना रोज नवं दार होतं. मला हे एकच दार होतं, तेही आतून. तिन्हीसांजेला मी रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, धरायची. रोझरी दोन तोंडांनी म्हणायची असते, एकानं अर्धी म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली अर्धी. मी माझी अर्धी म्हणायची, जरा थांबायची, आणि मग दुसरी अर्धीही मीच म्हणायची. शेजारच्यांना वाटायचं घरात कुणी पाहुणा आलाय. एकदा सुभेदारीणबाईंनी विचारलंसुद्धा.

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही म्हणतात, तशी मी. मनातून कधीच निवळले होते. चारपाच वर्षांत राग कधी सरला कळलंही नाही. पण आता हो कसं म्हणायचं? इतकी वर्षं नाही म्हटलं, आता हो म्हटलं तर आधीचं सगळं माझंच चुकलं असं झालं असतं. एवढ्यासाठी अडून राहिले, मंडळी. दुसरं काही कारण नव्हतं.

या शेवटच्या खेपेला मी जोंधळे पाखडत होते. कंट्रोलचे, रेशनवर मिळालेले जोंधळे, अर्धे खडेच. हे उंबऱ्यात आले. साठी जवळ आलेली, पिशवीचा पट्टा खांद्याला काचत होता. विचारलं, "मार्था, चलतेस का?" मी पाठ फिरवली. टाकूनसुद्धा बोलले नाही. नुसती पाखडत राहिले. ते बराच वेळ थांबले होते. मला सावली दिसत होती. मग सावली गेली.

मास्तर गेले असं आटपाडीहून कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पोस्टाचं कार्ड आलं, तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं. अजूनही तेच आठवतंय.

आता भागाईंचं सांगते. त्या धनगर, आटपाडीच्या पलीकडच्या. काल दुपारी दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या, धुळीनं भरलेल्या. एक या आणि एक त्यांची सून. बाईमाणूस एवढ्या लांब एकटी कशी येणार, म्हणून दोघी. पाच दिवस चालत आल्या मास्तरांची पिशवी द्यायला. मी पाणी दिलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या पायांकडं बघितलं, आणि म्हणाल्या, "आवं मास्तरीणबाई, तुमी पांगळ्या न्हाई व्हय?"

मला समजेना. मग त्यांनी सांगितलं. मास्तर ज्या वस्तीवर जायचे तिथं सांगायचे, आम्ही दोघं आहोत, एक मागून येते आहे. एकटे गेले त्या पहिल्या साली तिकडच्या लोकांनी यांना वेगळं बसवलं, भाकरी वरून टाकली, पाणी वरून ओतलं. तरी हे म्हणाले, अजून एक ठेवा, मागनं येणारीची. लोकांनी ठेवली. रात्र गेली, सकाळ झाली, मागून कुणी येईना. हे पुढच्या वस्तीला निघाले. पुढच्या खेपेला तेच. त्या लोकांनी आपसात ठरवलं की मास्तरची बायको पायानं अधू असणार, बिचारी रांगत येत असेल. भागाई म्हणाल्या, "आठ वरसं तुमची भाकरी ठिवतोय आमी. लय हळू चालती म्हनायचे."

मागच्या साली तिकडं पाऊस नाही. मेंढरं विकली, एक वेळ खाऊन दिवस काढले. तरी भाकरी ठेवली. मी विचारलं, मग त्या भाकरीचं व्हायचं काय? म्हणाल्या, सकाळी मास्तर फडक्यात बांधून न्यायचे आणि वाटेत जो उपाशी भेटेल त्याला द्यायचे. सांगायचे, माझ्या बायकोनं दिलीय.

ऐकलंत का? माझ्या बायकोनं दिलीय म्हणायचे. आणि मी इथं पाठ फिरवून जोंधळे पाखडत होते.

फादर, तुम्ही शिकलेले आहात, मी बोलले त्यात चुकलं तर सांगा. प्रभू तीस वर्षं घरी राहिला आणि तीन वर्षं लोकांत फिरला. त्या तीन वर्षांचं आम्हाला शिकवलं जातं ते चमत्कारांचं. आंधळे बघू लागले, वादळ थांबलं. काल दुपारपासून मला दुसरंच दिसतंय. त्या तीन वर्षांत तो सारखा कुणाच्या तरी दारात उभा आहे. कुणाकडं पाणी मागतोय, कुणाला म्हणतोय आज तुझ्या घरी जेवणार. ज्यांच्याकडं कुणी जात नव्हतं त्यांच्याकडं जातोय. आणि सारखा कुणाला तरी म्हणतोय, माझ्यामागं ये. तो देवाचा पुत्र. त्याला सोबतीची काय गरज? पण होती. मरणाआधीच्या शेवटच्या रात्री बागेत तिघा शिष्यांना म्हणाला, जरा माझ्यासंगं जागे राहा. ते झोपले. तरी पुन्हा उठून त्यांच्याकडंच आला.

आपण कॅथलिक माणसं मूठभर. चहूकडं शेताचा समुद्र, त्यात हे एक पत्र्याचं देऊळ. आपण म्हणतो, फिरायचं काम फादरचं, मास्तरचं. आपण रविवारी यायचं, गुडघे टेकायचे, घरी जाऊन दार लावायचं. मीही तेच केलं. आणि मास्तर तिकडं काय करत होते? किती जणांना बाप्तिस्मा दिला म्हणाल तर चौदा वर्षांत एकालाही नाही. मिशननं दोनदा विचारलं, काम दिसत नाही म्हणून. काम दिसणार कसं? लढाईवर गेलेल्या पोरांची पत्रं यायची, वस्तीत वाचणारं कुणी नाही. पत्र महिना महिना भिंतीतल्या देवळीत पडून राहायचं, यांची वाट बघत. हे वाचायचे, उत्तर लिहायचे. सुभेदार आबा, तुमचा थोरला लढाईत गेल्याची तार आली तेव्हा तुम्हाला वाचता येत असूनही तुम्ही ती घेऊन यांच्याकडं आलात. यांनी वाचली, आणि दोन दिवस तुमच्या ओसरीवर बसून राहिले. धर्माचं एक अक्षर बोलले नाहीत. बोलले का?

आबा मान हलवताहेत. नाही बोलले.

शेवटचे तीन दिवस मास्तर भागाईंच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या तळावर होते. ताप डोक्यात गेला होता. शुद्ध आली की विचारायचे, तिची ठेवली का? भागाई सांगायच्या, ठिवली. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले. धनगरांनी त्यांना ओढ्याकाठी पुरलं, वर धोंडे रचले, कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून. क्रूस कसा करतात ठाऊक नव्हतं, पण मास्तरांच्या गळ्यातला बघून दोन काटक्या बांधल्या. आणि ती शेवटची भाकरी राहिली. भागाईंना वाटलं, हिची आहे, हिला पोचवली पाहिजे. कार्ड इथवर आलं टपालानं. भाकरी चालत आली.

पिशवीत काय होतं ते सांगते. जपमाळ, चष्मा, लिहायची दौत, प्रार्थनेचं पुस्तक आणि फडक्यात एक भाकरी. वाळून कडक झालेली, कडेला मेंढरांचा वास लागलेली.

आबा, आमच्यात असं असतं की कम्युनियन घ्यायचं तर मध्यरात्रीपासून काही खायचं नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आले. आज पहाटे उठले. देवळाची घंटा मीच वाजवायची होती. पिशवी समोर होती. फडकं सोडलं. भाकरी पाण्यात भिजवली आणि खाल्ली. सगळी खाल्ली. उपास मोडतोय हे माहीत असून खाल्ली. मला उपाशी पोटी देवासमोर जाता आलं असतं, पण ती भाकरी फडक्यात तशीच ठेवून जाता येईना. म्हणून सकाळी बसून राहिले. फादर, पाप असेल तर मी पापनिवेदनाला येते, आज संध्याकाळीच येते. पण पस्तावा झालाय असं म्हणायला सांगू नका, ते खोटं होईल.

आणि एक. फादर काल म्हणाले की मिशनचं इथलं ठाणं आता बंद करावं लागेल, दुसरा मास्तर मिळत नाही, आणि माझी सोय पुण्याला सिस्टरांच्या स्वयंपाकघरात केलीय. उपकार आहेत तुमचे. पण मी पुण्याला येत नाही.

मला प्रवचन येत नाही. शिकवायला गेले तर भांडून येईन. मला वाचता येतं आणि लिहिता येतं. तिकडं देवळ्यांत पत्रं पडून असतील. मास्तर गेले, लढाई कुठं थांबलीय? भागाई आणि सूनबाई उद्या उजाडता परत निघणार आहेत. मी त्यांच्यासंगं चालते. त्या म्हणाल्यात, तुमच्या चालीनं चालू. मी सांगितलं, मी पांगळी नाही, पण तुमच्या समजुतीइतकीच उशिरा निघालेय.

सुभेदार आबा, रोझाच्या मातीवर तुम्ही तेवढं लक्ष ठेवा. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं. तिला सोडून जाते असं नाही, आठ वर्षं तिच्यापाशीच बसले होते. आता जरा तिच्या बापाकडं जाऊन येते.

आबा, रडू नका. तुम्ही पलटणीतला माणूस.

झालं माझं. आता सगळे उभे राहा. फादर, तुम्हीही. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका. गप्प राहणं म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे. त्या दिवशी ते दारात थांबले होते आणि मी गप्प राहिले. आज ते पुन्हा दारात आहेत असं समजा. विचारताहेत. या दोन मिनिटांत मी मनातल्या मनात त्यांना हो म्हणणार आहे, पायताण घालणार आहे आणि उंबरा ओलांडणार आहे. तेवढा वेळ द्या मला. ते पुढं गेलेत, पण हळूच चालत असतील. मागून येणारीची त्यांना सवय आहे.